जॉब पेंडिंगच राहतो नाहीतर मध्येच मरतो: स्लर्मकडे काय मागायचं आणि नंतर कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लस्टरवर (अनेक जण मिळून वापरतात अशा जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) एका पायथन प्रोग्रामसाठी ६४ कोअर, २५६ जीबी मेमरी आणि ७ दिवस मागून जॉब टाकलाय, तो दोन दिवस झाले पेंडिंग, म्हणजे रांगेतच आहे आणि कारणाच्या जागी प्रायॉरिटी दिसतंय. त्याच्या आधीचा जॉब बरोबर चार तासांनी काहीही न सांगता बंद पडला आणि आउटपुट फाइल रिकामीच निघाली (त्याची स्क्रिप्ट सोबत दिलीय). म्हणून यावेळी सगळंच भरपूर मागितलं. तर जॉब लवकर लागायला काय करायचं, आणि चालू असताना त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं?

क्लस्टरवर स्लर्म आहे, म्हणजे कोणाचा जॉब कधी आणि कुठे चालवायचा ते ठरवणारा शेड्युलर, म्हणून मी स्लर्मच्याच कमांड सांगतो, पीबीएस किंवा ग्रिड इंजिन असा दुसरा शेड्युलर असेल तर नावं बदलतात पण विचार तोच राहतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी त्या मेलेल्या जॉबचं बघू, कारण सगळी गडबड तिथून सुरू झालीय. बरोबर चार तासांनी मेला म्हणजे मला जवळजवळ खात्री आहे की तो वेळ संपल्यामुळे मेला. तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये --टाइम लिहिलेलंच नाहीये, आणि ते लिहिलं नाही की त्या पार्टिशनचा (नोडचा, म्हणजे क्लस्टरमधल्या संगणकांचा, एक गट) जो डिफॉल्ट वेळ अॅडमिननी ठरवलेला असतो तो लागू होतो. 'एसकंट्रोल शो पार्टिशन' असं टाकून बघा, त्यात डिफॉल्टटाइम नावाचा आकडा दिसेल, तो चार तासच निघेल बहुतेक. आणि काहीही न सांगता मेला असं नाहीये, स्लर्मनी सांगितलंय, फक्त तुम्ही --एरर देऊन एरर वेगळ्या फाइलमध्ये पाठवलेत आणि उघडून बघितली ती आउटपुटची फाइल. एररची फाइल उघडा, शेवटी 'कॅन्सल्ड... ड्यू टू टाइम लिमिट' अशी ओळ असेल. मी स्वतः --एरर वेगळं देतच नाही, नाही दिलं की दोन्ही एकाच फाइलमध्ये येतं आणि कशानंतर काय झालं ते क्रमाने वाचता येतं.

आता आउटपुट रिकामं का, तर पायथनचं प्रिंट केलेलं लगेच फाइलमध्ये जात नाही. टर्मिनलवर ओळ संपली की दिसतं, पण आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर पायथन ते मेमरीत साठवून ठेवतं आणि बफर भरला की मग एकदम लिहितं. वेळ संपल्यावर स्लर्म आधी टर्म सिग्नल (बंद हो अशी सूचना) पाठवतं, डिफॉल्ट सेटिंग असेल तर ३० सेकंदांनी किल सिग्नल (जबरदस्तीने बंद), आणि टर्म आल्यावर पायथन साठवलेलं न लिहिताच मरतं. तुमचा प्रोग्राम थोडंच प्रिंट करत होता, बफर भरलाच नाही, चार तासांचं सगळं गेलं. उपाय साधा आहे, 'पायथन -यू' असं चालवा किंवा स्क्रिप्टमध्ये पायथनअनबफर्ड हे व्हेरिएबल १ करून ठेवा. जॉबवर लक्ष ठेवायचं म्हणजे शेवटी हीच फाइल 'टेल -एफ' (नव्या ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) लावून बघायची असते, त्यामुळे हे पहिलं करा, बाकीचं नंतर.

आता पेंडिंगचं. एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, शेड्युलरला तुमचा प्रोग्राम काय करतो ते कळत नाही, तो फक्त तुम्ही लिहिलेले आकडे बघतो आणि त्यावर शब्दशः विश्वास ठेवतो. तुम्ही ७ दिवस लिहिलेत म्हणजे त्याच्या हिशोबाने ती जागा ७ दिवस अडलेली, मग तुमचं काम प्रत्यक्षात सहा तासांत का संपेना. त्यामुळे 'असू दे, जास्त मागितलं तर काय बिघडतं' हा विचारच तुम्हाला रांगेत मागे ठेवतोय.

कसं ते नीट बघा. समजा १० नोड आहेत, ७ मोकळे आणि ३ वर कोणाचं तरी काम चालू आहे जे अजून पाच तासांनी संपणार. रांगेत सगळ्यात वर एक मोठा जॉब आहे ज्याला १०च्या १० नोड हवेत. तो आत्ता लागू शकत नाही, पाच तासांनी लागेल. मधल्या पाच तासांत ते ७ नोड नुसते बसवून ठेवायचे का? नाही, इथे बॅकफिल नावाचा प्रकार येतो. शेड्युलर रांगेत खालचे जॉब चाळत जातो आणि विचारतो की हा आत्ता सुरू केला तर वरच्या मोठ्या जॉबला उशीर होईल का. ज्याने एक नोड आणि चार तास मागितलेत तो लगेच आत जातो, प्रायॉरिटी कमी असूनही. ज्याने एक नोड आणि ७ दिवस मागितलेत तो जाऊ शकत नाही, कारण कागदावर तो मोठ्या जॉबच्या आड येतो. म्हणजे दोघांचं खरं काम तीन तासांचंच असलं तरी एक आत्ता सुरू होतो आणि दुसरा बाहेर बसतो, फरक फक्त एका ओळीचा. गर्दीच्या क्लस्टरवर लहान जॉब बहुतेक असेच बॅकफिलमधून लागतात, म्हणून --टाइमचा आकडा खरा ठेवणं हा जॉब लवकर लावायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे असं मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

अगदी काठावरचा आकडा मात्र देऊ नका. आधीच्या रनला जेवढा वेळ लागला त्याच्या सव्वापट ते दीडपट ठेवा, कारण शेअर्ड मशिनवर फाइल सिस्टिम एखाद्या दिवशी हळू असते आणि तोच प्रोग्राम थोडा जास्त वेळ घेतो. आणि लिहिताना जपून, कारण इथे खूप लोक फसतात: --टाइम=१०:०० म्हणजे दहा तास नाही, दहा मिनिटं शून्य सेकंद. दहा तास हवे असतील तर १०:००:०० लिहायचं. नुसतं ३० लिहिलंत तर ३० मिनिटं. दोन दिवस म्हणजे २-०० किंवा २-००:००:००. मेमरीचंही तसंच, --मेम=१६ लिहिलंत तर ते १६ मेगाबाइट धरलं जातं, जीबी हवे असतील तर आकड्याला चिकटून जी लावा.

प्रायॉरिटी हे कारण दिसतंय म्हणजे काय तर तुमच्यापेक्षा वरचे जॉब अजून रांगेत आहेत, बाकी काही बिघडलेलं नाही. रिसोर्सेस दिसलं तर उलट चांगलं, म्हणजे तुमचा नंबर आलाय, फक्त जागा रिकामी व्हायची वाट आहे. क्यूओएस (जॉबचा ठरवलेला दर्जा आणि त्याच्या मर्यादा) किंवा असोकने (तुमचं खातं) सुरू होणारी लांबलचक नावं दिसली, ज्यांच्या शेवटी लिमिट असतं, तर तुमच्या नावावर किंवा तुमच्या ग्रुपच्या नावावर जी मर्यादा आहे ती भरलीय, ग्रुपमधल्या कोणाचे जॉब संपेपर्यंत थांबावं लागेल. पार्टिशनटाइमलिमिट दिसलं तर थांबू नका, तुम्ही पार्टिशनच्या कमाल वेळेपेक्षा जास्त मागितलंय, तो जॉब कधीच लागणार नाही. आणि रेक्नोडनॉटअव्हेल दिसलं, त्याच्यापुढे मेंटेनन्सचा उल्लेख असला, तर याचा अर्थ पुढे मेंटेनन्स ठरलेला आहे आणि तुमचा जॉब त्याच्या आधी संपत नाहीये. अशा वेळी वेळ कमी केलात तर जॉब कदाचित लगेच लागेल, मी हे कितीतरी वेळा बघितलंय, लोक तीन दिवस नुसते वाट बघत बसतात आणि नोड समोर मोकळे पडलेले असतात.

वेळ कमी करायला जॉब कॅन्सल करून परत टाकायची गरज नाही. 'एसकंट्रोल अपडेट' देऊन जॉबआयडी आणि नवीन टाइमलिमिट सांगा, पेंडिंग जॉबचा वेळ तुम्ही स्वतः कमी करू शकता आणि रांगेत थांबल्याचं जे वय साठलंय ते तसंच राहतं. कॅन्सल करून परत टाकलात तर ते वय शून्यापासून. चालू जॉबचा वेळ वाढवायचा असेल तर मात्र अॅडमिनलाच सांगावं लागतं, तुमच्याच्याने होत नाही.

प्रायॉरिटीचा आकडा कसा बनलाय ते 'एसप्रायो' मध्ये दिसतं, वय, फेअरशेअर, जॉबचा आकार, पार्टिशन, क्यूओएस असे वेगवेगळे भाग. यातलं फेअरशेअर महत्त्वाचं, तुम्ही आणि तुमच्या ग्रुपने अलीकडे किती वापरलं त्यावरून ते ठरतं, जुना वापर हळूहळू विसरला जातो, स्लर्मच्या डिफॉल्टमध्ये दर ७ दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं. इथे एक बारीक पण कामाची गोष्ट, फेअरशेअरमध्ये तुमच्या खात्यावर पडतं ते अडवलेल्या कोअर गुणिले प्रत्यक्ष चाललेला वेळ. म्हणजे ७ दिवस मागून सहा तासांत संपलं तर सहा तासांचंच पडतं, नुकसान फक्त रांगेतल्या उशिराचं. पण ६४ कोअर मागून एकच वापरली तरी ६४ चं पडतं, आणि त्याचा फटका पुढच्या जॉबला बसतो, तोही तुमच्या एकट्याच्या नाही, बऱ्याच ठिकाणी पूर्ण ग्रुपच्या.

म्हणून आता कोअरकडे येऊ, आणि इथे जरा स्पष्टच बोलतो. साधा पायथन प्रोग्राम एकच कोअर वापरतो. ६४ दिल्यात तरी ६३ नुसत्या बसून राहतील, प्रोग्राम ६४ पट सोडा, दुप्पटही पळणार नाही. तुमच्या कोडमध्ये मल्टिप्रोसेसिंग आहे का, की नम्पायची (पायथनची गणिताची लायब्ररी) मॅट्रिक्सची कामं आहेत जी आतून थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकाचवेळी चालणारे भाग) वापरतात, की एमपीआय (वेगवेगळ्या नोडवरच्या प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी पद्धत) आहे, ते आधी बघा. थ्रेड किंवा मल्टिप्रोसेसिंग असेल तर --एनटास्क्स १ ठेवायचं आणि --सीपीयूज-पर-टास्क मध्ये कोअर द्यायच्या. एमपीआय असेल तर --एनटास्क्स मध्ये. हे दोन उलटसुलट झाले की विचित्र गोष्टी होतात, --एनटास्क्स=१६ दिलंत आणि नोडची संख्या सांगितली नाहीत तर स्लर्म त्या १६ कोअर चार वेगवेगळ्या नोडवरसुद्धा देऊ शकतं, आणि तुमचा थ्रेडवाला प्रोग्राम पहिल्या नोडच्या बाहेर जाऊच शकत नाही, म्हणजे बाकीच्या नोडवरच्या कोअर फुकट.

आणखी एक, नम्पाय किंवा ओपनएमपी (थ्रेड चालवायची एक पद्धत) वाले प्रोग्राम कधीकधी नोडवर एकूण किती कोअर आहेत ते बघून तेवढे थ्रेड सुरू करतात, तुम्हाला मिळाल्यात किती ते बघत नाहीत. मग ४ कोअरवर ४८ थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात आणि काम एका थ्रेडपेक्षाही हळू होतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ओएमपी-नम-थ्रेड्स हे व्हेरिएबल स्लर्मच्या सीपीयूज-पर-टास्क च्या व्हेरिएबलएवढं करून ठेवायचं, हाताने आकडा लिहायचा नाही, म्हणजे वर बदललं की खाली आपोआप बदलतं. मल्टिप्रोसेसिंगच्या पूललाही तोच आकडा द्या. आणि स्क्रिप्टच्या आत एसरन (जॉबच्या जागेत प्रोग्राम सुरू करणारी कमांड) वापरत असाल तर स्लर्म २२.०५ पासून एसरन हा सीपीयूज-पर-टास्क चा आकडा एसबॅचकडून (जॉब टाकायची कमांड) आपोआप उचलत नाही, तो परत द्यावा लागतो. जुन्या स्क्रिप्ट अचानक हळू झाल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

किती कोअर घ्यायच्या हे ठरवायला मोजायचं, दुसरा उपाय नाही. डेटाचा एक लहान तुकडा घ्या, १, २, ४, ८, १६ कोअरवर चालवून वेळ लिहा. ८ वरून १६ वर गेल्यावर वेळ जेमतेम कमी होत असेल तर ८ वरच थांबा. ८ कोअरची जागा कुठल्याही नोडच्या कोपऱ्यात मिळून जाते, ६४ साठी अख्खा नोड रिकामा व्हायची वाट बघावी लागते, आणि नोडवर ६४ कोअर नसतीलच तर एका नोडवर तो जॉब बसणारच नाही. म्हणजे ८ वाला जॉब तुमचे निकाल घेऊन परत येतो तेव्हा ६४ वाला अजून रांगेतच असतो.

मेमरीचं मोजायला संपलेल्या जॉबवर 'सेफ' ही कमांड चालवा, जॉब आयडी देऊन, बहुतेक क्लस्टरवर असते. ती दोन टक्के सांगते, सीपीयू किती वापरलं आणि मेमरी किती. सीपीयू १.५ टक्के आलं आणि कोअर ६४ होत्या तर प्रोग्राम एकाच कोअरवर चाललाय हे उघड आहे. सेफ नसेल तर 'एस-अॅक्ट' (जॉबच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये मॅक्सआरएसएस (वापरलेली कमाल मेमरी) हा रकाना मागून घ्या, --युनिट्स=जी दिलंत की केबीचे लांबलचक आकडे वाचावे लागत नाहीत. आकडा पहिल्या ओळीत दिसणार नाही, ती ओळ रिकामीच असते, खालच्या .बॅच किंवा .० लिहिलेल्या ओळीत बघायचा. लोक पहिली ओळ बघतात आणि म्हणतात आमच्याकडे नोंदच होत नाही. आणि एस-अॅक्ट नुसतं टाकलंत तर फक्त आज रात्री बारापासूनचे जॉब दाखवतं, जुने हवे असतील तर -एस (कॅपिटल एस) देऊन तारीख सांगा किंवा -जे देऊन जॉब आयडी.

या मॅक्सआरएसएसवर आंधळा विश्वास नको एवढं मात्र सांगतो. तो आकडा ठरावीक अंतराने नमुना घेऊन येतो, डिफॉल्ट ३० सेकंदांचा आहे, त्यामुळे मधल्या दोन सेकंदांत मेमरी एकदम वर जाऊन प्रोग्राम मारला गेला तर नोंदीत तो उंच आकडा येईलच असं नाही. जॉबची स्थिती आउट ऑफ मेमरी आणि मॅक्सआरएसएस मर्यादेपेक्षा कितीतरी कमी, असं दिसलं की घोटाळा वाटतो, पण दोन्ही खरं असतं. तेव्हा स्थितीवर विश्वास ठेवा. मोजलेल्या कमाल आकड्याच्या वर २० ते ३० टक्के जागा ठेवली की बहुतेक कामांना पुरते.

२५६ जीबी का मागू नये तर समजा नोडवर ४८ कोअर आणि १९२ जीबी आहेत, म्हणजे कोअरमागे ४ जीबी. तुम्ही एक कोअर आणि १८० जीबी घेतलेत तर उरलेल्या ४७ कोअरसाठी जेमतेम १२ जीबी राहतात, त्यातल्या बहुतेक नुसत्या बसून राहतात. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच हिशोब कोअर किंवा मेमरी यातलं जे जास्त अडवलं त्यावर लावतात. आणि अशा क्लस्टरवर २५६ जीबी फक्त मोठ्या मेमरीच्या दोन-चार नोडवर मिळणार, म्हणजे तुम्ही स्वतःहून लांब रांगेत जाऊन उभे राहिलात.

आता स्क्रिप्टच्या बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे अर्धे जॉब पहिल्या सेकंदाला मरतात. #एसबॅच च्या सगळ्या ओळी पहिल्या खऱ्या कमांडच्या वर हव्यात, एखादं मॉड्यूल लोड (सॉफ्टवेअर वापरात आणणारी कमांड) मध्ये आलं की त्याच्या खालच्या #एसबॅच ओळी गुपचूप सोडून दिल्या जातात, एररही येत नाही. # आणि एसबॅच मध्ये जागा सोडली तरी तेच. त्या ओळींत शेलचे व्हेरिएबल चालत नाहीत, नाव बदलतं ठेवायचं असेल तर कमांड लाइनवरून द्या, कमांड लाइनचं स्क्रिप्टवर भारी पडतं. आउटपुटसाठी लॉग्स/ असा फोल्डर दिलात तर तो आधीच बनवलेला असू द्या, स्लर्म बनवत नाही, जॉब मरतो आणि का मेला ते लिहायला फाइलच नसते, नवीन माणसाला यात सगळ्यात जास्त त्रास होतो. फाइलच्या नावात टक्के-जे टाका म्हणजे जॉब आयडी येतो आणि जुनी फाइल पुसली जात नाही.

अजून एक जे फार कमी लोकांना माहीत असतं: एसबॅच केल्या क्षणी स्लर्म तुमच्या जॉब स्क्रिप्टची प्रत घेऊन ठेवतं, नंतर ती बदललीत तरी पेंडिंग जॉबवर काही परिणाम नाही. पण त्या स्क्रिप्टमधून जी पायथनची फाइल चालते ती मात्र जॉब सुरू होतो तेव्हा वाचली जाते. म्हणजे सोमवारी जॉब टाकला, मंगळवारी कोडमध्ये काहीतरी अर्धवट बदलून ठेवलं, बुधवारी जॉब लागला, तर चालणार ते मंगळवारचं अर्धवट. मी प्रत्येक रनसाठी कोडची वेगळी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगतो, सहा महिन्यांनी हा निकाल कोणत्या कोडने आला हा प्रश्नही त्यातच सुटतो. टाकायच्या आधी 'एसबॅच --टेस्ट-ओन्ली' करून बघा, जॉब टाकला जात नाही पण मागणी चालण्यासारखी आहे का आणि साधारण कधी लागेल ते सांगतं. टाकल्यावर 'एसक्यू --मी --स्टार्ट' (एसक्यू म्हणजे रांग दाखवणारी कमांड) मध्येही अंदाज दिसतो. अंदाजच आहे, कोणाचा जॉब लवकर संपला की अलीकडे येतो, वरच्या प्रायॉरिटीचं काही आलं की पलीकडे जातो.

चालू झाल्यावर काय बघायचं. पहिली दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, कारण पाथ चुकलाय, मॉड्यूल नाही, फाइल सापडत नाही, हे सगळं तिथेच कळतं. 'एसक्यू --मी' मध्ये आर, म्हणजे रनिंग, दिसलं की आउटपुट फाइल टेल करा. मग एकदा त्या नोडच्या आत जाऊन बघा, 'एसरन --जॉबआयडी' देऊन, सोबत --ओव्हरलॅप आणि --पीटीवाय बॅश, म्हणजे तुमच्याच जॉबच्या वाट्याच्या जागेत शेल उघडतं. --ओव्हरलॅप विसरलात तर ते नुसतं अडकून बसतं कारण सगळ्या कोअर आधीच कामात असतात. आत टॉप (कोण किती सीपीयू वापरतंय ते दाखवणारी कमांड) लावा. ८ कोअर मागितल्यात आणि थ्रेडवाला प्रोग्राम ८०० टक्क्यांच्या जवळपास असेल तर छान, १०० वर अडकला असेल तर जॉब मारा आणि कोड बघा, सहा तास थांबायची गरज नाही. जीपीयू असेल तर एनव्हिडिया-एसएमआय मध्ये वापराचा टक्का बघा, तो शून्य आणि मध्येच ९० असा उड्या मारत असेल तर जीपीयू डेटाची वाट बघतोय, डेटा वाचणाऱ्या वर्करना कोअर वाढवून द्या. मेमरी 'एसस्टॅट' मध्ये दिसते, जॉब आयडीला .बॅच जोडून विचारा. सेफ चालू जॉबवर चालवू नका, आकडे विश्वासाचे नसतात.

वॉच लावून दर सेकंदाला एसक्यू मात्र कृपा करून करू नका, आणि पायथनच्या लूपमध्ये तर नकोच नको. प्रत्येक एसक्यू त्या एकाच मुख्य डीमनकडे (मागे सतत चालणाऱ्या स्लर्मच्या प्रोग्रामकडे) जाऊन विचारतो जो सगळ्यांचे जॉब लावतोय, आणि असे वीस जण झाले की सबमिशनच हळू होतं, मग सगळेच म्हणतात क्लस्टर हँग झाला. संपल्यावर कळायला हवं असेल तर --मेल-टाइप=एंड,फेल लावा. एकामागून एक जॉब लावायचे असतील तर --डिपेंडन्सी=आफ्टरओके देऊन आधीच्याचा आयडी द्या, स्वतः पहारा देत बसू नका. फक्त आधीचा फेल झाला तर दुसरा डिपेंडन्सीनेव्हरसॅटिस्फाइड असं दाखवत तसाच पडून राहू शकतो, --किल-ऑन-इन्व्हॅलिड-डेप=येस दिलंत की तो आपोआप निघून जातो.

तुमचं काम जर खूप साऱ्या फाइलींवर तेच तेच करायचं असेल, आणि वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर ६४ कोअरचा एक जॉब विसराच, जॉब अॅरे करा. --अॅरे=१-४००%२० म्हणजे ४०० तुकडे, एकावेळी जास्तीत जास्त २०. फाइलींची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि अॅरेच्या टास्क आयडीचा जो नंबर तेवढ्या नंबरची ओळ सेड या कमांडने उचला. प्रत्येक तुकडा एक कोअर, थोडी मेमरी, अर्धा-एक तास, असे जॉब बॅकफिलमध्ये कुठल्याही फटीत बसतात, आणि १३७ नंबरचा फेल झाला तर फक्त १३७ परत टाकायचा, सगळं नाही. डिफॉल्ट सेटिंगमध्ये अॅरेचा सगळ्यात मोठा नंबर १००० पर्यंतच जातो, अॅडमिननी वाढवला असेल तर वेगळं. तुकडे फार बारीकही करू नका, दहा सेकंदांचा एक असे हजारो जॉब टाकले तर जॉब लावण्यातच जास्त वेळ जातो, पन्नास-शंभर फाइली एका तुकड्यात घ्या. आणि सगळे तुकडे एकाच फाइलमध्ये लिहिणार नाहीत एवढं बघा, प्रत्येकाचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये. लाखो बारीक फाइली शेअर्ड डिस्कवर बनवणं हेही वाईटच, तिथे वेळ डेटा लिहिण्यात कमी आणि फाइल उघडण्या-बंद करण्यात जास्त जातो आणि बाकीच्यांनाही ते जाणवतं, म्हणून मधल्या फाइली नोडच्या लोकल स्क्रॅचवर (नोडच्या स्वतःच्या तात्पुरत्या डिस्कवर) ठेवा आणि शेवटी एक गठ्ठा करून परत आणा.

काम तोडता येत नसेल आणि खरंच दिवसेंदिवस चालणार असेल तर चेकपॉइंट हवाच. दर अर्ध्या तासाला स्थिती फाइलमध्ये लिहा, आधी तात्पुरत्या नावाने आणि मग नाव बदलून, म्हणजे लिहितानाच मेला तरी जुनी प्रत शाबूत राहते. सुरुवातीला चेकपॉइंट आहे का बघून तिथून पुढे. एवढं जमलं की ७ दिवसांचा एक जॉब टाकायच्या ऐवजी १२ तासांचे जॉब एकामागून एक लावता येतात, आणि मध्ये नोड बंद पडला तरी अर्धा तासच जातो. वेळ संपायच्या आधी सूचना हवी असेल तर --सिग्नल=बी:यूएसआर१@३०० द्या, साधारण पाच मिनिटं आधी सिग्नल येतो, कधी त्याच्याही मिनिटभर अलीकडे. बी लिहिलं की तो जॉब स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला मिळतो, पण बॅश समोरची कमांड संपेपर्यंत ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ) चालवत नाही, म्हणून प्रोग्राम & लावून मागे सुरू करायचा आणि मग वेट करायचं. हे नाही केलं तर ट्रॅप लिहिलेला असूनही कधीच चालत नाही.

तर तुमच्यासाठी आज करायचं ते असं. पेंडिंग जॉब मारा, या एका जॉबला 'वेळ कमी करा' वाला उपाय पुरणार नाही, कोअर आणि मेमरीही चुकीच्या आहेत. आउटपुट अनबफर्ड करा, डेटाचा पाच टक्के तुकडा घ्या, एक कोअर, १६ जीबी, दोन तास मागून टाका. संपला की सेफ बघा. वेळ आणि मेमरीचा खरा आकडा हातात आला की काम तुटतंय का ते ठरवा, तुटत असेल तर अॅरे, नसेल तर चेकपॉइंट. तो लहान जॉबसुद्धा मेला तर 'एस-अॅक्ट' मधली स्थिती, एक्झिट कोड, पूर्ण जॉब स्क्रिप्ट आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळी इथे टाका. अॅडमिनला मेल करणार असाल तरी त्यात जॉब आयडी लिहा, त्याच्याशिवाय त्यांना शोधायला काहीच हातात नसतं, आणि लवकर लिहा, कारण 'एसकंट्रोल शो जॉब' मधली माहिती जॉब संपल्यावर डिफॉल्टमध्ये पाचच मिनिटं खात्रीने टिकते, नंतर फक्त एस-अॅक्टमधली नोंद उरते.